कापुआला मी बसमध्ये चढले नाही

मुकुंद,

काल हॉलमध्ये लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मध्येच मला शंका आली, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला तर येऊन बसलो नाही ना! एक जण म्हणाले, मुकुंदराव म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ. दुसरे म्हणाले, माणूस फटकळ, पण मनाचा निर्मळ. 'फटकळ' या एका शब्दात लोक काय काय बसवतात. मी पहिल्या रांगेत बसून प्रत्येकाला मान डोलवत होते. आपली लेक गौरी शेजारी होती. कुणी 'वसुधावहिनींनी किती केलं त्यांचं' म्हणालं की ती माझा हात जरा दाबायची.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले नाही. घसा बसलाय म्हणाले. घसा ठणठणीत होता. पण बोलले असते तर खरं बोलले असते, आणि लोक वेलिंग्टनहून, ऑकलंडहून गाड्या हाकत आले होते, मागे टेबलावर सामोसे आणि चहा मांडून ठेवला होता. त्यांचा दिवस कशाला बिघडवायचा? तुला सांगायला हरकत नाही. तुझा दिवस आता बिघडायचा नाही.

तू मला पहिल्यांदा 'मठ्ठ' म्हणालास तेव्हा आपण कोथरूडच्या त्या भाड्याच्या घरात होतो. लग्नाला महिनाही झाला नसेल. मी सिलिंडरचा रेग्युलेटर उलटा बसवत होते. तू दारात उभा राहून बघत होतास, हसलास आणि म्हणालास, "मठ्ठ आहेस गं अगदी." मीही हसले. नव्या नवरीला ते लाडाचं वाटलं. एकदा हसून घेतलं की शब्दाला घरात राहायची परवानगी मिळते. पुढे तो शब्द आपल्याबरोबर विमानात बसून न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थला आला. राउंडअबाउटला चुकीच्या लेनमध्ये शिरले, मठ्ठ. डेअरीतून दुधाऐवजी क्रीमची बाटली आणली, मठ्ठ. इथली फार्मसिस्टची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले तेव्हा तू म्हणालास, "यांचे पेपर मठ्ठांसाठीच काढलेले असतात." त्या संध्याकाळी मी शिरा केला होता. तू दोनदा वाढून घेतलास.

रोमचं वेड तुला दोन हजार अकरा साली लागलं. गावाजवळच्या गॉर्जमधल्या, नदीच्या घळीतल्या, रस्त्यावर डोंगर उतरला आणि तुझं सगळं रस्तेबांधणीचं खातं दरड उपसायला तिकडे गेलं. तू चिखलाने माखून घरी यायचास, बूट गराजमध्ये काढायचास आणि जेवता जेवता आम्हाला ऐकवायचास, "तेवीसशे वर्षांपूर्वीचा रस्ता आहे तो. रोमपासून ब्रिंडिसीच्या बंदरापर्यंत. अजून गाड्या जातात त्याच्यावरून. आणि आमचा रस्ता एक पावसाळा काढू शकत नाही." ग्रंथालयातून आणलेली जाडजूड पुस्तकं डायनिंग टेबलवर पडलेली असायची. आप्पियन मार्गाचा नकाशा तू फ्रिजवर लावलास. रस्त्यांबद्दल बोलताना तुझा चेहरा इतका सुंदर व्हायचा की मी भाजी ढवळायची थांबायचे. हे खरं आहे आणि हेही तुला सांगायलाच हवं.

त्याच सुमारास मी वेलिंग्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये फार्मसीच्या मुख्य जागेसाठी मुलाखत दिली. मुलाखत छान झाली होती, निदान मला तसं वाटलं होतं. दोन आठवडे मी फोनजवळ घुटमळत होते. फोन आला नाही. आपण होऊन विचारायचं धाडस झालं नाही. तू म्हणालास, "अगं, आपल्याला कळतं ना आपण किती पाण्यात आहोत ते." मी मान हलवली. मला खरंच वाटलं की मला कळलंय.

पुढची चार-पाच वर्षं मी कशासाठीच अर्ज केला नाही.

दोन हजार सोळात तू रिटायर झालास आणि आपण इटलीला गेलो. दहा-बारा जणांची सहल, बहुतेक न्यूझीलंडचेच, छोटी बस, आणि ल्युचिया नावाची गाइड. ती शिकलेली पुरातत्त्वाची. उन्हाळ्यात उत्खननावर जायची आणि एरवी आमच्यासारख्यांना फिरवायची. रोमच्या जुन्या वेशीतून बाहेर पडून आपण त्या रस्त्यावर पहिलं पाऊल ठेवलं तेव्हा तू खाली बसलास आणि दगडावर तळवा टेकवलास. काळाभोर दगड, परातीएवढे, एकात एक बसवलेले. "आपल्याकडच्यासारखाच दगड आहे हा," तू म्हणालास, "लाव्हाचाच." दोन्ही बाजूंना सुरूसारखी उंच झाडं आणि पडझड झालेली थडगी. दगडांवर चाकांनी पडलेल्या खाचा होत्या. तू त्यात बोट घालून मला दाखवलंस. तुझे डोळे भरले होते. तसे डोळे मी गौरीच्या जन्मानंतरही पाहिले नव्हते.

तेवढ्यात माझी चप्पल त्या खाचेत अडकली आणि मी धडपडले. गुडघा सणकून निघाला. तू वर बघून म्हणालास, "दोन हजार वर्षं लोक चालतायत इथून. हिलाच जमत नाही." इंग्रजीत म्हणालास. लोक अवघडून हसले. व्हांगानुईच्या मार्गारेट नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला हात दिला.

मग तू नेहमीसारखा पुढे निघालास. सगळ्या प्रवासभर तू पुढे आणि मी मागे. फोंदी आणि इत्रीच्या मधल्या घळीत तो जुना रस्ता डोंगराच्या कुशीतून चढत जातो. तिथे गुडघ्याने बंदच पुकारला. मी एका कठड्यावर बसून राहिले. वर तुझा आवाज ऐकू येत होता. ल्युचिया काही सांगायला लागली की तू तिचं वाक्य पुरं करायचास. तिला तोवर सवय झाली होती. मी हळूहळू वर पोचले तेव्हा तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "सांग, रोमन रस्त्याचे थर किती? रोज जेवताना ऐकतेस."

"तीन?" मी म्हणाले.

"चार!" तू हात पसरून सगळ्यांकडे बघितलंस. मग मराठीत, फक्त माझ्यासाठी, "मठ्ठ."

ल्युचिया म्हणाली, "चार थर पुस्तकांत असतात, मिस्टर मुकुंद. आम्ही खणलं तिथे बहुतेक ठिकाणी दोनच सापडले. काही ठिकाणी तीन. जशी जमीन, तसा रस्ता." तिने ते इतकं साधेपणाने सांगितलं की त्यात तुला कमीपणा आणण्याचं काही नव्हतं. पण मार्गारेट माझ्याकडे बघून हसल्या आणि ते तू पाहिलंस.

त्या दिवशी तू रात्रीच्या जेवणापर्यंत एक शब्द बोलला नाहीस. मला माहीत होतं की हे कुठेतरी बाहेर पडणार आणि माझ्यावरच पडणार.

ते कापुआला पडलं. सकाळी आपण तिथलं भव्य रंगमंडल पाहिलं. वरच्या पायऱ्या ढासळलेल्या, पण खालची भुयारं शाबूत. झुंजी लावायच्या माणसांना आणि जनावरांना जिथे कोंडून ठेवायचे तिथून आपण चाललो. ल्युचियाने सांगितलं की गुलामांचं मोठं बंड याच गावातून उठलं आणि ते मोडल्यावर हजारो माणसांना इथपासून रोमपर्यंत रस्त्याच्या कडेने खांबांवर टांगलं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावं म्हणून. आपण त्याच रस्त्याच्या कडेला उभं राहून फोटो काढत आलो होतो.

मग जेवण. लांब टेबल, वाइन. तू पुन्हा रंगात आलास. कुणीतरी मला विचारलं, तुम्ही काय काम करता, आणि मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "गोळ्या मोजते. आणि देशावर माझे उपकार आहेत, मी हिला वेलिंग्टनला जाऊ दिलं नाही." मग तू ती गोष्ट सांगितलीस. छान रंगवून, तुझ्या पद्धतीने. हॉस्पिटलमधल्या बाईंचा घरच्या आन्सरिंग मशीनवर निरोप आला होता. जागा तुम्हालाच देतोय, शुक्रवारपर्यंत कळवा. तू गॉर्जवरून भुकेला आला होतास, घरात कोणी नव्हतं, तू तो निरोप ऐकलास आणि पुसून टाकलास. "नाहीतर अर्धी राजधानी चुकीच्या गोळ्या खाऊन मेली असती!"

कोणीच हसलं नाही. तुला ते कळायला जरा वेळ लागला.

मला काय झालं ते सांगते. मी रडले नाही. संतापाने कानशिलं वगैरेही तापली नाहीत. मला एवढंच जाणवलं की मला ती जागा मिळाली होती. तू नवरा म्हणून काय केलंस ते नंतर आलं. आधी हे आलं की मी पास झाले होते. पाच वर्षं मी स्वतःला ज्या पाण्यात समजत होते त्या पाण्यात मी नव्हतेच.

जेवण संपवून सगळे बसकडे निघाले. पुढचा मुक्काम बेनेव्हेन्तो. मी बसच्या दारापाशी थांबले. ल्युचियाला म्हणाले, "मी येत नाही. मी नंतर माझी माझी येईन. ब्रिंडिसीला भेटू."

ती घाबरली. "पण तुम्ही एकट्या कशा..."

"असू दे तिला," तू आतून म्हणालास. "तिला तिकीट काढता येत नाही. संध्याकाळी टॅक्सी करून येईल रडत."

मार्गारेट खाली उतरल्या, ड्रायव्हरकडून माझी बॅग काढून घेतली आणि माझ्या पायाशी आणून ठेवली. "गुड ऑन यू," एवढंच म्हणाल्या. बस गेली. तू खिडकीतून माझ्याकडे बघत होतास. चिडलेला नव्हतास. तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

तिकीट काढता आलं, मुकुंद. स्टेशनवरच्या खिडकीतल्या पोरीला इंग्रजी येत नव्हतं आणि मला इटालियन, पण 'बेनेव्हेन्तो' दोघींना येत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथल्या कमानीसमोर उभी होते, तू तिथून पुढे गेल्यावर. पांढरी स्वच्छ कमान, दोन्ही अंगांनी कोरलेली. एका चौकटीत सम्राट गरीब मुलांना काहीतरी वाटतोय, आणि बापांनी पोरं खांद्यावर घेतली आहेत. मी त्या बापांकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिले. कुणी मला सन सांगितला नाही, दगड कुठल्या खाणीतला ते सांगितलं नाही, मला किती कळलं याची परीक्षा घेतली नाही. मी आइस्क्रीम खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कमानीखाली जाऊन बसले आणि पुन्हा आइस्क्रीम खाल्लं. मग तिथल्या जुन्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसले. खाली कुणी शाळेची पोरं नाटकाची तालीम करत होती. रेल्वेने डोंगर ओलांडून पलीकडच्या समुद्रापर्यंत गेले. खिडकीतून गव्हाची रानं दिसत होती आणि मला तुझी आठवण येत नव्हती. हे मी मुद्दाम तपासून बघत होते, जिभेने दुखरा दात चाचपतात तसं. दात दुखत नव्हता.

ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस होते. त्यांत तू नव्हतास. गौरीला हे मी कधी सांगणार नाही. तुला सांगतेय.

ब्रिंडिसीला बंदरासमोर पायऱ्या आहेत आणि वर तो उंच खांब, जिथे रस्ता संपतो. जोडीतला एकच उभा आहे, दुसऱ्याचं नुसतं बूड उरलंय. मी तिथे आधी पोचले होते. तुमची बस आली. तू सगळ्यांच्या मागून उतरलास. मी पहिल्यांदा तुला मागून येताना पाहिलं. माझ्याजवळ येऊन बसलास, बराच वेळ बोटी बघत राहिलास.

"तिकीट कसं काढलंस?" तू विचारलंस.

"पैसे देऊन."

तू जरासा हसलास. मग म्हणालास, "मला वाटलं, तुला काही झालं."

"का पुसलास निरोप?"

"सांगितलं ना सगळ्यांना."

"ती गंमत सांगितलीस. मला खरं सांग."

बोटींवरची नजर न काढता तू म्हणालास, "तू गेली असतीस तर परत आली नसतीस."

"वेलिंग्टन दोन तासांवर आहे, मुकुंद."

"अंतराबद्दल बोलत नाहीये मी."

आपल्या सगळ्या संसारात तू माझ्याशी इतकं खरं फक्त एकदाच बोललास. आणि त्यावर मी म्हणाले, "घरी गेल्यावर मी वेलिंग्टनला खोली बघणार आहे. एकटीसाठी." तू म्हणालास, "बघू." तेवढ्यात ल्युचियाने फोटोसाठी हाक मारली. त्या फोटोत आपण दोघं शेजारी उभे आहोत. काल हॉलमध्ये स्क्रीनवर तोच लावला होता. लोक म्हणाले, किती छान जोडी दिसते.

मी खोली बघितली. नोकरीही बघितली, एका साध्या केमिस्टकडे, आठवड्यातले चार दिवस. पुढच्या वर्षी, इथला शरद ऋतू सरता सरता, गॉर्जमधला रस्ता कायमचाच बंद करायचं ठरत होतं त्याच दिवसांत, मी गाडीत खोकी भरली. तू ड्राइव्हवेवर चहाचा मग घेऊन उभा होतास. मदत करत नव्हतास, सूचना देत होतास.

"ते खोकं असं नाही ठेवायचं. जड खाली. अगं, जड..."

तुझं वाक्य तिथेच राहिलं. चहाचा मग हातातून पडून फुटला. तुझा उजवा हात लोंबत होता आणि तोंड एका बाजूला ओघळलं होतं. मला बघताक्षणी कळलं. मी तुला जमिनीवर आडवं केलं, फोन लावला, वेळ सांगितली, तुझ्या गोळ्यांची नावं सांगितली. अँब्युलन्समधली मुलगी म्हणाली, "यू डिड एव्हरीथिंग राइट." तू ऐकलंस की नाही माहीत नाही. तू ऐकायला हवं होतंस.

वेलिंग्टनची खोली मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून फोन करून सोडली.

तुझी भाषा गेली. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी केली त्याला स्वतःचं एकही वाक्य येईना. समजत सगळं होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलं आणि तुझे डोळेही तेच सांगत होते. तीन आठवडे नुसता घोगरा आवाज. मग एका सकाळी मी वॉर्डमध्ये आले, पडदा सारला, आणि तू माझ्याकडे बघून लख्ख, स्वच्छ उच्चारात म्हणालास, "मठ्ठ."

स्पीच थेरपिस्ट हॅना आनंदाने उडालीच. कोवळी, लाल केसांची पोर. तिने समजावलं की कधी कधी मेंदूतलं सगळं जातं आणि एखादा खूप वापरलेला शब्द तेवढा उरतो. माणूस पाणी मागायला जातो आणि तोच शब्द येतो, 'दुखतंय' म्हणायला जातो आणि तोच येतो. "तुम्ही आलात की तो हे म्हणतो. तुमचं नाव आहे का?"

तू माझ्याकडे बघत होतास. घाबरून बघत होतास.

"हो," मी म्हणाले. "लाडाचं नाव आहे."

तुझं डोकं जोरजोरात हलायला लागलं. नाही, नाही, असं. आणि तोंडातून काय यावं? "मठ्ठ, मठ्ठ, मठ्ठ." हॅनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तुझा हात धरून म्हटलं, "शी इज हिअर, मुकुंद. युअर मठ्ठ इज हिअर."

दोन वर्षं, मुकुंद. वॉर्डातल्या नर्सेसनी मला त्या नावाने हाक मारली. माओरीतला नमस्कार करून, 'किआ ओरा, मठ्ठ!' तू घरी आल्यावर सकाळी तुला आंघोळ घालायला सीना यायची, ती दारातूनच ओरडायची, "गुड मॉर्निंग, मठ्ठ डार्लिंग!" ठ त्यांना जमायचा नाही, पण प्रेम खरं होतं. प्रत्येक वेळी तू डोळे मिटून घ्यायचास. मी मिटत नव्हते. मी बघायचे.

गौरी पहिल्यांदा आली तेव्हा सीनाची हाक ऐकून तिने माझ्याकडे वळून पाहिलं. स्वयंपाकघरात मला गाठलं. "मम, दॅट्स हॉरिबल. यू हॅव टू टेल देम."

"काय सांगू?"

"की त्याचा अर्थ काय आहे ते. ही इज सफरिंग."

"तू लहान असताना रोज जेवताना हा शब्द ऐकलास," मी म्हणाले, "कधी ताटावरून उठली नाहीस."

तिचा चेहरा पांढरा पडला. "आय वॉज अ किड."

"हो बाळा. तुला नाही म्हणत मी." पण मी सीनाला सांगितलं नाही. आजही सांगणार नाही.

लोक समजतात ती सेवा मी प्रेमाने केली. तू जाणतोस तसं नव्हतं. तुला उचलताना माझी पाठ गेली. तुझी लाळ पुसताना कधी कधी मी तुझ्याकडे बघितलंही नाही. तुझ्या त्या एका शब्दाचे मला वेगवेगळे सूर कळायला लागले. एक भुकेचा, एक बाथरूमचा, एक 'टीव्हीचा आवाज कमी कर'चा. मी तुझी नखं कापत असताना तू एक सूर लावायचास. खालचा, लांबवलेला. गौरीने एकदा विचारलं, बाबा आत्ता काय म्हणाला? मी म्हटलं, हा मला ओळखता येत नाही. येत होता.

एका दुपारी, अंगणात तुला उन्हात बसवलं असताना, मी तुझा चांगला हात हातात घेतला आणि विचारलं. "तो निरोप पुसलास त्याचं तुला वाईट वाटतं का? वाटत असेल तर हात दाब. बोलायला नको. नुसता दाब." तू बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिलास. मग तू हात काढून घेतलास. हळूच, पण काढून घेतलास. लाज वाटली म्हणून की पटलं नाही म्हणून, हे तू तुझ्याबरोबर घेऊन गेलास. मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही मला वाटत नाही. काढून घेतलेला हात मला दोनदा बघायचा नव्हता.

शेवटी न्यूमोनिया झाला, हिवाळ्यात. हॉस्पिटलच्या खिडकीबाहेर वाऱ्याने झाडं वाकत होती. शेवटचा दिवसभर तू काहीच बोलला नाहीस. मी खुर्ची पलंगाला लावून बसले होते आणि तुझ्या ओठांकडे बघत होते. मला तो शब्द हवा होता, मुकुंद. विश्वास बसणार नाही, पण मी वाकून तुझ्या कानात म्हणाले, म्हण ना, एकदा म्हण. तू श्वास घेत होतास, तेवढंच. दुपारनंतर तोही घेतला नाहीस.

आज सकाळी गौरी स्मशानभूमीच्या ऑफिसातून आली. हिरवळीवर तुझ्या नावाची एक छोटी पितळी पाटी बसवणार आहेत. वर काय लिहायचं ते त्यांना लवकर कळवायचंय. तिने नमुने आणले होते. सगळ्यांवर एकच: प्रेमळ पती, प्रेमळ पिता.

"पिता तुझं तू ठरव," मी म्हणाले. "पती नको."

"मम, एव्हरीवन पुट्स इट."

"माहीत आहे."

ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. खूप वेळ घेतलं. ती शांत झाल्यावर तिने विचारलं, मग काय लिहू? मी विचार केला. चहा गार होईपर्यंत विचार केला. तुझ्याबद्दलची किती वाक्यं मनात आली आणि प्रत्येकात कुठेतरी एक शब्द खोटा निघाला. शेवटी मी तिला तुझं नाव लिहायला सांगितलं आणि त्याखाली, 'याने रस्ते बांधले.'

गौरीने ते वाचलं. "दॅट्स इट?"

तेवढंच. ते सगळं खरं आहे, मुकुंद. तुला द्यायला माझ्याकडे त्याहून मोठं काही नाही.

वसुधा